मृगाच्या तोंडावर : जून महिना आणि आपला इतिहास

जून महिना लागला, कीं महाराष्ट्रांतील लहानथोरांचें लक्ष आपोआप आकाशाकडे वळतें. शेतकरी मृग नक्षत्राची वाट पाहतो, गृहिणी वाळवणें आवरून डबे भरूं लागते, आणि शहरांतला चाकरमान्या कपाटामागें पडलेली छत्री काढून तिच्या काड्या तपासतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या महिन्यांत आणखी एका गोष्टीकडे पाहावेसें वाटतें. ती गोष्ट म्हणजे त्याच्या टिपणवहींतलें जूनचें पान. तें पान इतर महिन्यांच्या पानांहून अधिक भरलेलें आहे, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु त्यावरील नोंदी एकामागून एक वाचूं लागलें, म्हणजे त्यांच्यांत एक समान धागा दिसूं लागतो. त्या धाग्याविषयींच आज आपल्याशीं चार शब्द बोलावे, असा माझा विचार आहे.

प्रथम नोंदी पाहूं. ता. ११ जून १६६५ रोजीं शिवाजीमहाराज मिर्झा राजे जयसिंगाच्या छावणींत गेले आणि त्यांतून पुरंदरचा तह निघाला. ता. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. ता. २३ जून १७५७ रोजीं प्लासीची लढाई होऊन बंगाल इंग्रजांच्या मुठींत गेला. ता. ३ जून १८१८ रोजीं दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. १८५८ च्या जूनमध्यें ग्वाल्हेरजवळ झांशीची राणी लक्ष्मीबाई लढतां लढतां पडली. आणि ता. १८ जून १९४६ रोजीं मडगांवांत डॉ. राममनोहर लोहिया यांनीं सभाबंदीचा हुकूम मोडून गोव्याच्या स्वातंत्र्याच्या आंदोलनाला नवें वळण दिलें. एक तह, एक राज्यारोहण, एक लढाई, एक शरणागति, एक वीरमरण आणि एक सत्याग्रह. हिंदुस्थानच्या इतिहासांतील जवळजवळ तीन शतकें या एका पानावर मावलीं आहेत.

अशी यादी वाचतांना मनाला एक मोह पडतो. तो तारखांत गूढ अर्थ शोधण्याचा. उदाहरणार्थ, ३ जून ही एकच तारीख घ्या. १८१८ सालीं ह्या तारखेस बाजीरावानें पेशवाईवर पाणी सोडलें. बरोबर ४० वर्षांनीं, १८५८ च्या ३ जूनला, ग्वाल्हेरच्या फुलबागेंत रावसाहेबांनीं थाटाचा दरबार भरवून पेशवाईचा पुन्हां पुकारा केला. आणि १९४७ च्या ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली; माउंटबॅटन, नेहरू, जीना आणि सरदार बलदेवसिंग या चौघांचे आवाज त्या दिवशीं देशानें दिल्लीच्या नभोवाणीवरून लागोपाठ ऐकले. एखादा ज्योतिषी ह्यावरून मोठा सिद्धांत उभारील. परंतु इतिहासाला असल्या योगायोगाचा कांहीं उपयोग नाहीं. तारखेला हातपाय नसतात; ती कांहीं घडवीत नाहीं. वरील तीन घटनांपैकीं एकीचा दुसरीशीं जो संबंध आहे तो माणसांच्या करणीनें जुळलेला आहे, पंचांगानें नव्हे.

मग जून महिन्याचें म्हणून वेगळें काय सांगावयाचें? तें हें, कीं तारीख कांहीं घडवीत नसली तरी ऋतु पुष्कळ घडवितो. योगायोग आणि कारण यांतला भेद ओळखणें ही इतिहासवाचनाची पहिली पायरी आहे. आणि जून महिना हा त्या भेदाचा उत्तम धडा आहे.

आगगाडी, सडका आणि पूल येण्यापूर्वींच्या काळांत पाऊस म्हणजे केवळ हवापालट नव्हता. तो मुलखाचा नकाशाच बदलून टाकीत असे. उन्हाळ्यांत गुडघाभर पाण्यांतून ओलांडतां येणारी भीमा किंवा नीरा आषाढांत दुथडी भरून वाहे, आणि नावेवांचून पार होत नसे. देशावरच्या काळ्या जमिनींत तोफांचे गाडे आंसापर्यंत रुतत. दारू सर्दावे, बंदुकांचे तोडे विझत, घोड्यांना आसरा आणि कोरडी वैरण मिळणें दुरापास्त होई. शिवाय लष्करांतला पुष्कळसा शिपाई मुळांत शेतकरी. आभाळ भरून आलें, कीं त्याचें निम्में मन पेरणीकडे धांव घेई. म्हणून सभासदाच्या बखरींत महाराजांच्या लष्कराचा जो शिरस्ता दिला आहे, त्याप्रमाणें पावसाळ्याचे चार महिने लष्कर स्वदेशीं छावणींत राही, आणि दसरा होतांच आठ महिने मुलूखगिरीवर निघे. ‘छावणी’ हा शब्दच जुन्या मराठी कागदांत पुष्कळदां या पावसाळी मुक्कामासाठीं आलेला आहे. दसऱ्याचें सीमोल्लंघन हा आज आपल्या घरीं आपट्याचीं पानें वाटण्याचा मंगल विधि आहे. एके काळीं तो लष्करी वर्षाचा पाडवा होता. आणि सीमोल्लंघन हा जर त्या वर्षाचा पाडवा, तर जून ही त्याची वर्षअखेर. व्यापाऱ्याला जशी वर्षअखेरीस वही बंद करावी लागते, तसा सेनापतीला मृगाच्या तोंडावर हिशेब पुरा करावा लागे. जें आतां साधलें नाहीं तें चार महिन्यांवर गेलें. आणि राजकारणांत चार महिने हा फार मोठा काळ असतो.

येथें तारखांविषयीं एक खुलासा केला पाहिजे. सतराव्या शतकांतल्या ज्या इंग्रजी तारखा आपण नेहमीं देतों, त्या जुन्या ज्युलियन गणनेच्या आहेत. इंग्लंडनें १७५२ सालीं नवी गणना स्वीकारली. त्यापूर्वींच्या, म्हणजे सतराव्या शतकांतल्या तारखांना आजच्या मानानें १० दिवस वाढवावे लागतात. त्यामुळें पुरंदरच्या भेटीची ११ जून ही आजच्या हिशेबानें २१ जून होते, आणि राज्याभिषेकाची ६ जून ही १६ जून होते. म्हणजे हे दोन्ही प्रसंग आपल्याला वाटतात त्याहून पावसाच्या अधिक जवळ आहेत.

आतां पुरंदरकडे वळूं. १६६५ च्या मार्चअखेर जयसिंग आणि दिलेरखान यांनीं पुरंदरास वेढा घातला. एप्रिलच्या मध्यास शेजारचा वज्रगड पडला. मे महिन्यांत मुरारबाजी देशपांडे कामास आले. तरी किल्ला झुंजत होता. या वेढ्याकडे नुसतें शौर्यकथा म्हणून पाहिलें, तर एक प्रश्न सुटत नाहीं. झुंजणारा किल्ला हातांत असतां महाराजांनीं तह कां केला? आणि विजयाच्या इतक्या जवळ आलेल्या जयसिंगानें तो कां स्वीकारला? महाराजांची अडचण उघड होती. अनेक सरदारांचे कुटुंबकबिले किल्ल्यावर अडकलेले होते, आणि मोंगली घोडदळ राजगड-सिंहगडाच्या आसपासचीं गांवें जाळीत व लुटीत फिरत होतें. पेरणीच्या वेळीं ही घोडदौड थांबणें रयतेच्या दृष्टीनें केवढें महत्त्वाचें, हें सांगावयास नको. परंतु जयसिंगालाहि वेळ अनुकूल नव्हता. साडेचार हजार फुटांच्या घरांतल्या त्या डोंगरावर एकदां पाऊस कोसळूं लागला, म्हणजे मोर्चे आणि लांकडी दमदमे किती टिकले असते? आणि पुरंदर पडला तरी मागें राजगड, सिंहगड, रायगड उभेच होते. तेव्हां दोघांनींहि हिशेब केला. महाराजांनीं ४ लक्ष होनांच्या मुलखासह २३ किल्ले दिले आणि १ लक्ष होनांच्या मुलखासह १२ किल्ले राखले. जयसिंगानें मग पावसाळा जाऊं दिला, आणि विजापुरावरची आपली मोहीम नोव्हेंबरांत, रस्ते वाळल्यावर, सुरू केली. पावसानें तह घडविला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण वाटाघाटीच्या त्या रात्रीं तो दोघांच्याहि तंबूबाहेर उभा होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पावसाचा हिशेब महाराजांइतका बारकाईनें दुसऱ्या कोणीं ठेवला असेल, असें वाटत नाहीं. १६७३-७४ च्या सुमारास चिपळुणाजवळच्या छावणींतल्या अंमलदारांस त्यांनीं लिहविलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत राज्यविस्ताराच्या गोष्टी नाहींत. गवत, दाणा आणि दिवे यांच्या आहेत. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच मनाला येईल तशी उधळाल, तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील. मग शिपाई रयतेच्या घरांत शिरून धान्य-भाजी ओढतील, आणि रयतेला वाटेल कीं यांच्यापेक्षां मोंगल बरे. असा त्या पत्राचा आशय आहे. रात्रीं दिवा जळत ठेवूं नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतकी बारीक सूचनाहि त्यांत आहे. ज्या राजाला उंदराच्या तोंडांतली वातहि दिसत होती, त्यानें आपल्या राज्याभिषेकाची वेळ ऋतूचा विचार न करतां ठरविली असेल काय?

राज्याभिषेकाचा मुहूर्त शास्त्राप्रमाणें, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, असा धरण्यांत आला आणि गागाभट्टांच्या पौरोहित्याखालीं सर्व विधि झाले. परंतु वेळ राजकारणाच्या दृष्टीनेंहि सोयीची होती. मोहिमांचा हंगाम संपला होता. लष्कर परतलें होतें. सरदार-मुत्सद्दी मोकळे होते. आणि पुढचे चार महिने रायगडाच्या वाटेला शत्रूची फौज येण्याचा संभव फारसा नव्हता. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन या सोहळ्यास हजर होता. दरवाज्यापुढें झुलणारे दोन लहान हत्ती पाहून, या बिकट वाटेनें ते वर चढविले तरी कसे, याचें त्याला नवल वाटलें. त्याच मुक्कामांत इंग्रजांच्या तहाचीं कलमेंहि मान्य झालीं. पण जून महिन्यानें ह्या आनंदाची किंमतहि लागलीच वसूल केली. अभिषेकानंतर ११ दिवसांनीं, ता. १७ जून रोजीं, रायगडाच्या पायथ्याशीं पाचाडास जिजाबाई वारल्या. गडावरची गार हवा मातोश्रींना मानवत नसे, म्हणून त्यांच्यासाठीं खालीं वाडा बांधला होता, असें सांगतात. राज्य उभें राहिलेलें पाहून त्यांनीं डोळे मिटले.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. पाऊस लागला म्हणजे मराठे घरीं बसतात, हें मोंगलांना ठाऊक होतें. आणि मोंगलांना हें ठाऊक आहे, हें महाराजांना ठाऊक होतें. राज्याभिषेकाला दीड महिना होतो न होतो तोंच, भर जुलैमध्यें, मराठी घोडदळानें बहादूरखानाला हुलकावणी देऊन छावणीबाहेर काढलें, आणि मागें दुसऱ्या तुकडीनें त्याची पेडगांवची छावणी लुटली. त्यापूर्वीं १४ वर्षें, १६६० च्या जुलैमध्यें, महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यांतून निसटले तेहि पावसाळी रात्रींच्याच आश्रयानें. नियम काय आहे हें ज्याला पुरतें कळतें, त्यालाच तो केव्हां मोडावा हेंहि कळतें.

पावसाचा हा हिशेब मराठी मुलखापुरताच नव्हता. आतां सह्याद्रि सोडून आपण बंगालकडे जाऊं. १७५७ च्या जूनमध्यें क्लाइव्ह सुमारें ३ हजार शिपायांनिशीं भागीरथीच्या कांठीं काटवा येथें येऊन थांबला होता. पलीकडे सिराजउद्दौल्याची ५० हजारांची फौज. मीर जाफर फितूर झाला होता. पण तो ऐन वेळीं काय करील याची खात्री नव्हती. ता. २१ जूनला क्लाइव्हनें आपल्या अधिकाऱ्यांची सभा बोलावली. सभेपुढचा प्रश्न असा : आहे त्या बळावर लागलीच हल्ला करावा, कीं काटव्यास धान्य हातीं लागलें आहे त्यावर पावसाळा काढावा आणि एखाद्या देशी सत्तेची मदत मिळेपर्यंत थांबावें? ही देशी सत्ता म्हणजे कोण, याविषयीं क्लाइव्हच्या मनांत जीं नांवें होतीं, त्यांत मराठ्यांचें नांव होतें! सहा वर्षांपूर्वींच नागपूरकर भोसल्यांनीं बंगालच्या नबाबाकडून ओढ्या प्रांत आणि १२ लक्षांची चौथाई मिळविली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्यांत कांहीं आश्चर्य नाहीं. सभेचें बहुमत थांबावें असें पडलें. स्वतः क्लाइव्हचें मतहि तेंच होतें. परंतु सभा उठल्यावर थोड्याच वेळांत त्यानें आपला निर्णय फिरविला, आणि दुसऱ्या दिवशीं नदी ओलांडली.

ता. २३ जूनला प्लासीच्या आमराईपाशीं तोफा झडूं लागल्या. दुपारच्या सुमारास पावसाची एक जोराची सर आली. इंग्रजांनीं आपल्या दारूवर ताडपत्र्या घातल्या. नबाबाच्या लोकांची दारू उघड्यावर भिजली. इंग्रजांचीहि तीच अवस्था झाली असेल, अशा समजुतीनें नबाबाचा एकनिष्ठ सरदार मीर मदन चालून गेला, आणि कोरड्या दारूच्या तोफांपुढें पडला. मीर जाफर बाजूला उभा राहून पाहत होता. नबाबाचा धीर सुटला, आणि सायंकाळपर्यंत बंगालचें भवितव्य ठरलें. इंग्रजांकडील मृतांची संख्या २५ च्या आंतच होती. प्लासीचा निकाल फितुरीनें लागला, हें खरेंच. परंतु सर आली तेव्हां एका बाजूकडे ताडपत्री होती आणि दुसरीकडे नव्हती, हेंहि तितकेंच खरें आहे. फितुरी दरबारांत शिजते, बेफिकिरी छावणींत. राज्यें बुडतात तेव्हां पुष्कळदां ह्या दोघी बरोबरच असतात.

यानंतर ६१ वर्षांनीं हाच हिशेब आपल्या दारांत आला. १८१७ च्या ऑक्टोबरांत बाजीरावानें पुण्यांत आपला शेवटचा दसरा केला. ता. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्यानंतर पुणें गेलें. १८१८ च्या १ जानेवारीस कोरेगांव झालें. २० फेब्रुवारीस आष्टीवर बापू गोखले पडले. मे महिन्यांत रायगडहि गेला. बाजीराव पळत पळत अशीरगडाच्या परिसरांत पोहोंचला, आणि ३ जूनला माल्कमच्या छावणींत आला. ही मालिका एका दृष्टीनें ध्यानांत घ्या. दसऱ्यापासून मृगापर्यंत, जुन्या लष्करी वर्षाचे जे आठ महिने, तेवढ्यांत पेशवाई संपली. ज्या ऋतुचक्राच्या जोरावर मराठी फौजा दर वर्षीं दूरदूर घोडे नाचवीत होत्या, त्याच चक्राच्या एका फेऱ्यांत इंग्रजांनीं सारा डांव उरकला.

आतां शरणागतीच्या अटी पाहा. माल्कमनें बाजीरावाला सालीना ८ लक्षांची नेमणूक कबूल केली. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली, आणि त्यानें नाराजी दाखविली. पळून पळून थकलेल्या, सरदारांनीं सोडलेल्या माणसाला एवढें कां द्यावें? माल्कमचें उत्तर व्यवहाराचें होतें. पावसाळा तोंडावर आला होता. अशीरगडासारखा बळकट किल्ला जवळ होता, आणि पावसाआधीं त्याला वेढा घालणें शक्य नव्हतें. बाजीराव किल्ल्यांत शिरला असता किंवा डोंगरांत निसटला असता, तर युद्ध दसऱ्यापलीकडे लांबलें असतें. अशीरगड घ्यावयास पुढें १८१९ चा एप्रिल उजाडला, हें पाहिलें म्हणजे माल्कमचा हिशेब चुकला होता असें म्हणतां येत नाहीं. हे ८ लक्ष म्हणजे एका पावसाळ्याची किंमत होती. आणि ती देण्यास माल्कम तयार होता, कारण ती त्याला कळलेली होती. बाजीरावाला मात्र कळली नव्हती. ज्या चार महिन्यांनीं त्याला विसावा दिला असता, विखुरलेलीं माणसें गोळा करण्यास अवसर दिला असता, त्यांच्या उंबरठ्यावरच तो शरण गेला. त्यामुळें राज्य वांचलें असतें असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि शत्रु ज्याला भीत होता, तेंच आपलें बळ आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं, ही गोष्ट मनाला लागल्यावांचून राहत नाहीं. पुढें तो ब्रह्मावर्तास ३२ वर्षांहून अधिक काळ राहिला आणि १८५१ च्या जानेवारींत वारला. त्याच्या मृत्यूबरोबर कंपनीनें नेमणूक बंद केली, आणि दत्तकपुत्र नानासाहेबांच्या मनांत त्या अन्यायाची ठिणगी राहिली.

ती ठिणगी आपल्याला १८५८ च्या ग्वाल्हेरास घेऊन जाते. झांशी आणि काल्पी पडल्यावर सर ह्यू रोज आपलें काम संपलें असें समजून रजेवर निघण्याच्या बेतांत होता. इतक्यांत १ जूनला रावसाहेब, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांनीं ग्वाल्हेर घेतल्याची बातमी आली. शिंद्यांची फौज बंडवाल्यांना मिळाली होती आणि जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले होते. रोजला दोन गोष्टींची धास्ती वाटली. एक, पेशव्यांच्या नांवाचा हा पुकारा दक्षिणेंत पोहोंचला, तर महाराष्ट्र उठेल. दुसरी, पाऊस लागला तर काळ्या चिकण जमिनींतून वेढ्याच्या तोफा हलणार नाहींत, नद्या भरतील, आणि ग्वाल्हेरचा किल्ला पुढच्या थंडीपर्यंत हातीं लागणार नाहीं. म्हणून ज्या उन्हांत गोरे शिपाई उष्माघातानें मरत होते, त्या उन्हांतून तो ६ जूनला काल्पीहून निघाला आणि १६ जूनला मुरारला येऊन ठेपला.

इकडे ग्वाल्हेरांत काय चाललें होतें? ३ जूनचा दरबार झाला, सरदारांचे मानपान झाले, ब्राह्मणभोजनें झालीं. राणीला ही दिरंगाई पसंत नव्हती, असें परंपरा सांगते. पंधरवडाभर वरुणराजानें आपली फौज मागें धरली होती. तो पंधरवडा एकानें कूच करण्यांत घालविला आणि दुसऱ्यानें समारंभांत. ता. १७ जूनला कोटा-की-सराईच्या चकमकींत राणी पडली. कोणी ही तारीख १८ जून देतात. २० जूनपर्यंत शहर आणि किल्ला दोन्ही गेले. पाऊस आला तो तात्या टोप्यांच्या वाट्याला, आणि तोहि शत्रु होऊन. राजपुतान्यांत त्यांची वाट फुगलेल्या चंबळेनें अडविली. ज्या पुरानें महिन्यापूर्वीं ग्वाल्हेरचें रक्षण केलें असतें, तोच पूर आतां पळणाऱ्याच्या पायांत आला. १८५९ च्या एप्रिलांत शिवपुरीस तात्यांना फांशी देण्यांत आलें.

श्रोतेहो, येथपर्यंतची कथा सेनापतींची आणि राजांची झाली. आमच्या जूनच्या पानावरची शेवटची नोंद मात्र निराळ्या प्रकारची आहे, आणि तिच्यासाठीं आपल्याला गोव्यांत जावें लागतें. १९४६ च्या जूनमध्यें डॉ. लोहिया आसोळणें येथें आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरीं विश्रांतीसाठीं आले होते. पोर्तुगीज अंमलांत परवानगीवांचून सभा भरवितां येत नसे, आणि साध्या लग्नपत्रिकेपासून वर्तमानपत्रापर्यंत छापील अक्षरावर सरकारी नजर असे. कोंकणपट्टींतला जून म्हणजे काय, हें कोंकणांत राहिलेल्यांना सांगावयास नको. जुन्या शिरस्त्याप्रमाणें हा कांहीं चढाईचा हंगाम नव्हे. तरीहि ता. १८ जूनला मडगांवांत लोक जमले. लोहियांना आणि मिनेझिसांना पकडण्यांत आलें. पण भीति एकदां मोडली ती मोडलीच. त्यानंतर त्या पावसाळ्यांत गोव्यांतले सत्याग्रही एकामागून एक पुढें येत राहिले. तोफेचा गाडा चिखलांत रुततो. पायीं चालणाऱ्या, निःशस्त्र माणसाला पावसाची एवढी मातब्बरी नाहीं. मात्र १५ वर्षांनीं, जेव्हां काम पुन्हां लष्करावर आलें, तेव्हां भारतीय फौजा गोव्यांत शिरल्या त्या १९६१ च्या डिसेंबरांत, कोरड्या ऋतूंत. ता. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पण गोवेकर आपला क्रांतिदिन मानतात तो १८ जूनलाच.

या सगळ्याचा निष्कर्ष काय? आपण वर्षभर जयंत्या, पुण्यतिथ्या आणि स्मृतिदिन पाळतों. तें योग्यच आहे. कृतज्ञता हा समाजाचा गुण आहे. परंतु तारीख पाळतांना आपण विजयाचें सारें श्रेय पराक्रमाला आणि पराभवाचा सारा दोष फितुरीला देऊन मोकळे होतों. जूनचें पान सांगतें, कीं या दोहोंच्या मध्यें आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे आपण ज्या भूमींत राहतों, तिच्या ऋतूंचें, नद्यांचें, मातीचें ज्ञान, आणि तें ज्ञान वेळेवर वापरण्याची शिस्त. दाणावैरणीचा हिशेब ठेवणारा राजा आणि ताडपत्री बरोबर घेणारा परका, हे दोघेहि आपापल्या परीनें हाच धडा शिकवितात. आभाळ सर्वांच्या डोक्यावर एकच होतें. त्याखालीं कोणीं काय तयारी केली होती, एवढाच फरक होता.

तेव्हां यंदा राज्याभिषेकाचा दिवस येईल, राणीचा स्मृतिदिन येईल, तेव्हां आपल्या मुलांना त्या थोर व्यक्तींच्या कथा अवश्य सांगा. पण त्याबरोबर, त्या दिवशीं पाऊस कोठवर आला होता, नदीला पाणी किती होतें, आणि दसऱ्याला किती महिने उरले होते, हेंहि सांगा. म्हणजे त्यांना इतिहास नुसता पाठ होणार नाहीं, तर समजूंहि लागेल, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.